हळवं डोकं

अर्नेस्टीन: शेंबूड. दुसरा शब्द नाही याला. लग्नाला दोन दिवस उरलेत आणि हा शेंबूड तू माझ्या लेकीच्या डोक्याला फासणार.

लुवेनिया: जवस आहे, अर्नेस्टीन. पाण्यात उकळला की असाच होतो. बघवत नसेल तर बघू नकोस.

अर्नेस्टीन: आणि गाळायला काय घेतलंयस हे? हा नायलॉनचा पायमोजा आहे.

लुवेनिया: कोरा आहे. धुऊन घेतलाय. गाळणीतून बियाही खाली येतात आणि फडक्यातून काहीच येत नाही. पायमोज्यातून नुसता रस उतरतो. हे टोक धर जरा.

अर्नेस्टीन: मी नाही धरणार. चर्चला घालून जायची वस्तू ती. आई वरून बघत असेल. म्हणत असेल, पायात घालायला शिकवलं होतं, ते या पोरीने डोक्यावर घेतलं.

जॅनेल: आई, आजीच पायमोज्यातून गाळायची ना? मावशी तिच्याकडूनच शिकली.

अर्नेस्टीन: मावशी शिकली. हो तर. आईकडे शिकण्यासारखं जे जे होतं, ते मावशीच शिकली.

लुवेनिया: जॅनेल, सिंकवर मान मागे टाक जरा. पाणी फार गरम नाही ना?

जॅनेल: नाही गं, बरं वाटतंय. ओट्सचं का?

लुवेनिया: ओट्सचंच. भिजवून, गाळून ठेवलं होतं. कालपासून कानामागे खाजतंय म्हणालीस ना, त्याला उतार पडेल.

अर्नेस्टीन: कालपासून खाजतंय? मला नाही बोललीस.

जॅनेल: किरकोळ होतं, आई.

अर्नेस्टीन: किरकोळ होतं तर मावशीला फोन कशाला केलास? काल संध्याकाळी तू नि मी तासभर बसून जेवणाची टेबलं लावली. तुझ्या डेट्रॉइटच्या सासरच्यांना खिडकीशी बसवायचं की भिंतीशी, यावर तासभर बोललो. त्यात कान कुठेच आला नाही.

जॅनेल: लक्षात नाही राहिलं.

अर्नेस्टीन: मावशीशी बोलताना बरं राहिलं.

लुवेनिया: डोळे मिट, बाळा. पाणी जाईल.

अर्नेस्टीन: आणि हा टॉवेल कुणाचा?

लुवेनिया: कुठला?

अर्नेस्टीन: खुंटीवरचा, पिवळा. त्याच्या कोपऱ्यात दोऱ्याने 'जे' काढलाय.

जॅनेल: माझा आहे.

अर्नेस्टीन: तुझा. इथे तुझा टॉवेल आहे.

जॅनेल: दर शनिवारी केस धुवायला येते ना मी. मावशी म्हणाली, एक ठेवूनच दे.

अर्नेस्टीन: माझ्याकडे आलीस की पाहुण्यांचा टॉवेल घेतेस. कडेला लेस असलेला. मी आपली कौतुक करायची, पोरगी किती टापटिपीची, वापरला की घडी घालून परत ठेवते. आता कळलं. परक्या घरात माणूस घडी घालूनच ठेवतं.

लुवेनिया: फ्रिजमध्ये थंड चहा आहे, अर्नेस्टीन. घे ना जरा.

अर्नेस्टीन: नको. फ्रिज उघडला की त्यातूनही हिचंच काहीतरी निघायचं.

जॅनेल: निघेल. दुसऱ्या कप्प्यात. भेंडीचं पाणी.

अर्नेस्टीन: भेंडीचं?

जॅनेल: गुंता सुटायला. मावशी भेंडी उकळून तिचा चिकट रस काढते. मग केसांतून बोटं अशी सरकतात की कळतसुद्धा नाही.

अर्नेस्टीन: मी आयुष्यभर मक्याच्या पिठात घोळून भेंडी तळली. तू ताटातून एकेक उचलून कडेला लावायचीस, मुंग्यांच्या रांगेसारखी. आणि मावशीची भेंडी डोक्यावर घेऊन नाचतेस.

लुवेनिया: झालं. ऊठ हळूच. टिपून घे फक्त, चोळू नकोस. आणि ये, इथे खाली बस, माझ्या गुडघ्यांमध्ये.

अर्नेस्टीन: त्या वाटीत काय आहे?

लुवेनिया: हीच भेंडी. तू म्हणालीस म्हणून फ्रिज मीच उघडला, तुला त्रास नको.

अर्नेस्टीन: फार गुणाची तू. कंगवा कुठेय?

लुवेनिया: कंगवा नाही. बोटंच.

अर्नेस्टीन: बोटांनी? अख्खं डोकं? मग पाद्रीबाबांना सांगून लग्न पुढच्या शनिवारवर ढकलते.

लुवेनिया: हळव्या डोक्याची आहे ती.

अर्नेस्टीन: काढलास तो शब्द. मी वाटच बघत होते. हळव्या डोक्याची. या एका शब्दावर अख्खं बालपण काढलंस तू.

जॅनेल: म्हणजे?

अर्नेस्टीन: म्हणजे काय? शनिवारी आम्ही दोघी पोर्चच्या पायरीवर. पहिली पाळी माझी. लोखंडी कंगवा, शेगडीवर तापवलेला. दहा मिनिटांत कपाळापासून मानेपर्यंत. हूं नाही की चूं नाही. हलले तर कंगव्याचा दांडा टाळूवर. मग या बाईसाहेब बसायच्या. कंगवा अजून आईच्या हातातच, आणि हिचे डोळे भरून तयार. की आई म्हणायची, अगं माझं हळव्या डोक्याचं बाळ ते. कंगवा गेला आत. मग बोटांनी, एकेक बट, तासभर. आणि वर गोष्टी. मी अंगण झाडत झाडत अर्ध्यामुर्ध्या ऐकायची. केरसुणी पोर्चजवळ आली की ऐकू यायच्या, लांब गेली की गेल्या.

लुवेनिया: मला खरंच दुखायचं.

अर्नेस्टीन: आणि मला काय, गुदगुल्या व्हायच्या?

लुवेनिया: तू कधी बोलली नाहीस.

अर्नेस्टीन: एकदा बोलून बघितलं. आई म्हणाली, तू मोठी आहेस, तुझं डोकं कणखर आहे. सात वर्षांची होते मी. मला वाटलं, काहीतरी चांगलं म्हणाली. शाळेत जाऊन सांगितलंसुद्धा चारजणींना.

जॅनेल: आई, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

अर्नेस्टीन: तू सांगितला होतास मला तुझा टॉवेल?

लुवेनिया: पीळ मी जॅनेलच्या केसांना घालायला बसलेय. तू स्वतःला कशाला घालून घेतेस?

अर्नेस्टीन: बोल, बोल. हात तुझे चाललेत, तोंडही चालू दे. आमचे हात रिकामे.

जॅनेल: आई, आपलं ठरलं होतं ना? आज मावशी पीळ घालेल, दोन दिवस ते वाळतील, शनिवारी सकाळी मावशी सोडेल आणि नवरीची डोक्यावरची जाळी तू लावशील.

अर्नेस्टीन: जाळी. दोन पिना. चर्चच्या दारात हातपंखे वाटते ना, ती बाईसुद्धा लावेल. आपल्या घरात नवरीचे केस तिची आई करते, जॅनेल. माझे आईने केले. या लुवेनियाचे आईने केले, दोन्ही लग्नांत.

लुवेनिया: दुसऱ्यांदा मी हॅट घातली होती.

अर्नेस्टीन: हॅटखालचे केले. कुणाला दिसणार नव्हते तरी केले. आणि माझी एकुलती एक लेक उभी राहणार, डेट्रॉइटची सासरची मंडळी म्हणणार, वा, केस काय सुंदर झालेत, आईने केले का? आणि मी काय सांगू? नाही हो, मी पिना दिल्या.

जॅनेल: डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तूही ऐकलंस. वासाचं काही नको, रंगाचं काही नको, ओढाताण तर नकोच. एवढंसं चुकलं की कानामागून पाणी सुटतं माझ्या. लग्नात तसं झालं तर मी काय करू?

अर्नेस्टीन: ऐकलं, म्हणूनच केलं ना मी. घरी केलं, माझ्या हातांनी. तीन रविवार. चर्चहून यायचं आणि चांगला ड्रेससुद्धा न काढता केसांसाठी शियाच्या बियांचं लोणी घोटत बसायचं. ते दगडासारखं येतं, लुवेनिया, तुला सांगायला नको. उबेवर मऊ करायचं, थंड करायचं, परत फेटायचं, असं सायीसारखं हलकं होईपर्यंत. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं ओल्या चादरी उचलल्या, मनगटाने तक्रार केली नाही. या एका बरणीने रडवलं.

जॅनेल: माहितेय मला.

अर्नेस्टीन: दुकानातलं एक बोट नाही त्यात. सोमवारी दिली मी तुला. कुठेय ती?

जॅनेल: बॅगेत आहे.

अर्नेस्टीन: मग काढ ना बाहेर. लुवेनिया, तुझा तो जवस राहू दे झाकून, पीळ माझं लोणी लावून घाल. हात तुझे तर तुझे. लोणी तरी आईचं लागू दे पोरीला. यालाही नाही म्हणणार आहात का दोघी?

लुवेनिया: मी कुठे नाही म्हणतेय? जॅनेल, कोपराच्या आत लावून बघितलंस? पूर्ण दिवस ठेवलंस?

जॅनेल: हो. मंगळवारी लावलं.

लुवेनिया: मग?

जॅनेल: ठीक होतं.

अर्नेस्टीन: ऐकलंस? ठीक होतं. लाव आता.

लुवेनिया: बाही वर कर.

जॅनेल: मावशी, राहू दे ना.

अर्नेस्टीन: हो, आणि मीही मघापासून विचारणार होते. या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट कशाला अडकवलायस? इथे मेकनमध्ये जून महिना चाललाय. कुत्रीसुद्धा पोर्चखालून बाहेर येईनात.

लुवेनिया: बाळा, बाही.

जॅनेल: उष्णतेचं आहे ते.

लुवेनिया: उष्णता अशी गोल टिकली काढून येत नाही. आणि कानामागेही हेच लावलं होतंस ना? म्हणून तिथे खाजतंय.

अर्नेस्टीन: काय झालंय? बघू मला. सरक. हे... हे माझ्या बरणीने?

जॅनेल: दुखत नाहीये, आई. आता कमी आहे.

लुवेनिया: बरणी दे इकडे. झाकण घट्ट लावलंयस. हं. पुदिना.

अर्नेस्टीन: पुदिन्याचं तेल. आठ थेंब, मोजून. आईच्या बरणीला यायचा तोच वास. त्याशिवाय ते आईचं लोणी कसं होईल?

लुवेनिया: तो वास तुझ्या बरणीला असायचा.

अर्नेस्टीन: माझ्या म्हणजे?

लुवेनिया: माझी बरणी वेगळी होती. तिच्यात आई पुदिना घालत नसे. झोंबायचा मला.

अर्नेस्टीन: दोन बरण्या होत्या?

लुवेनिया: तुला माहीत नव्हतं?

अर्नेस्टीन: नाही. मी एकाच बरणीतून घ्यायची. मला वाटलं, तीच सगळ्यांची.

लुवेनिया: मला मात्र माहीत होतं. चर्चमध्ये तू शेजारी बसलीस की गार वास यायचा तुझ्या डोक्याला. सगळ्या बायका वाकून वास घ्यायच्या, विचारायच्या, अर्नेस्टीन काय लावतेस गं? माझ्या डोक्याला उकडलेल्या जवसाचा वास. मला कुणी काही विचारलं नाही. एकदा चोरून तुझ्या बरणीत बोट घातलं होतं मी, आणि रात्रभर डोकं पाण्याखाली धरलं होतं.

अर्नेस्टीन: तुला माझा हेवा वाटायचा?

लुवेनिया: वास घेऊन बघ ना. कुणालाही वाटेल.

अर्नेस्टीन: साठी उलटल्यावर सांगतेस हे. आधी सांगितलं असतंस तर त्यावर मी चार वर्षं आनंदात काढली असती.

जॅनेल: आई, लोणी खरंच छान झालंय. मऊ झालंय. मला नाही सोसत, एवढंच. मी घरी ठेवेन, हातांना लावेन.

अर्नेस्टीन: कोपराला नाही सोसलं ते हातांना कसं सोसेल? उगाच गोड बोलू नकोस माझ्याशी. आणि आल्या आल्या का नाही सांगितलंस, आई हे झोंबलं म्हणून? शर्ट घालून, लपवून. मी काय मारणार होते तुला?

जॅनेल: तू तीन रविवार घालवलेस.

अर्नेस्टीन: म्हणून काय डोकं सोलून घेणार होतीस? मावशीने बाही वर करायला लावली नसती तर आत्ता लावलं असतं आम्ही. तू लावू दिलं असतंस?

जॅनेल: माहीत नाही.

अर्नेस्टीन: माहीत नाही म्हणजे काय? तोंड आहे ना तुला?

जॅनेल: सांगून काय होतं, आई?

लुवेनिया: बरं. झालं. जॅनेल, मान खाली घाल, तुझं मानेवरचं किचन तेवढं राहिलंय.

अर्नेस्टीन: थांब. ते मी करते.

लुवेनिया: अर्नेस्टीन.

अर्नेस्टीन: मानेवरचे दोन बोटं केस. तेवढे तरी करू दे. आई म्हणायची ना, चुलीपाशी काय चाललंय ते घरच्यांनाच कळतं आणि मानेवरच्या किचनमध्ये काय चाललंय ते केस करणारीलाच. तुझा जवस लावून करते, माझं काही लावत नाही. सरक, जागा दे मला. बोटांनी करते, शप्पथ. जॅनेल, हात काढ मानेवरचा.

जॅनेल: नको.

अर्नेस्टीन: हात काढ गं, लागणार नाही.

जॅनेल: नको, आई. तिथे मावशीच.

अर्नेस्टीन: का?

जॅनेल: तू काही केलं नाहीस. तुझा हात जवळ आला ना की माझी मान आपोआप आखडते. मी ठरवून नाही करत. बत्तीस वर्षांची झाले, मुलांना शिकवते मी शाळेत, आणि तरी आखडते. शनिवारी सगळ्यांसमोर तसं व्हायला नको मला. तुला दिसेल, आणि मग तू दिवसभर तेच मनात घेऊन बसशील.

अर्नेस्टीन: म्हणून मावशी.

जॅनेल: म्हणून मावशी.

अर्नेस्टीन: आणि म्हणूनच केस वर बांधायचे नाहीत? भिंतीवर आपल्या सगळ्यांचे लग्नातले फोटो आहेत, एकीचेही केस मानेवर नाहीत. मी चारदा म्हटलं, वर बांधू. तू चारही वेळा खिडकीबाहेर बघितलंस.

जॅनेल: वर बांधले की मानेवरचा तो डाग दिसतो.

लुवेनिया: पाव डॉलरच्या नाण्याएवढा तर आहे. त्याच्यावरून मी एक पीळ आडवा आणते. कुणाला कळणारही नाही.

अर्नेस्टीन: मोठा झालाय का तो?

जॅनेल: नाही. मी मोठी झाले. तो तेवढाच आहे.

अर्नेस्टीन: केस आलेच नाहीत तिथे परत?

जॅनेल: तू कधी बघितलं नाहीस नंतर?

अर्नेस्टीन: नाही. नंतर तू इथेच यायला लागलीस.

जॅनेल: लग्न ठरलं तेव्हा मार्लनने विचारलं होतं एकदा, हे कसलं म्हणून. मी सांगितलं, लहानपणी आईने केस सरळ करायची क्रीम लावली आणि पोर्चवर शेजारच्या मिसेस पेटवेशी बोलत बसली. रेडिओ मोठ्याने लागला होता, मी ओरडले ते तिला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, बिचारी तुझी आई, तिला किती लागलं असेल मनाला.

अर्नेस्टीन: असं म्हणाला?

जॅनेल: हो. तो तसाच आहे.

लुवेनिया: आणि बरोबरच बोलला. चोवीस वर्षं झाली त्या गोष्टीला. त्या क्रीमची एकतरी खूण कुणाच्या डोक्यात नाही? आपल्या गल्लीत विचार. सगळ्याजणी घड्याळ लावून ती क्रीम लावायच्या, आणि घड्याळच बघायचं राहायचं, की कातडी भाजायची. चूक झाली, झाली. मान खाली घाल, जॅनेल.

अर्नेस्टीन: लुवेनिया, गप्प बस जरा.

लुवेनिया: मी एवढंच म्हणतेय की...

अर्नेस्टीन: तू काय म्हणतेस ते मला कळतंय. चोवीस वर्षं तू तेच म्हणतेयस माझ्यासाठी. आता बस कर.

(लुवेनिया हात पुसते. जॅनेल मान न वळवता तशीच खाली बसून राहते.)

जॅनेल: काय चाललंय तुमचं?

अर्नेस्टीन: रेडिओ लागला नव्हता.

जॅनेल: लागला होता. मला आठवतंय.

अर्नेस्टीन: तुला सांगितलेलं आठवतंय. त्या संध्याकाळी मावशी आली. तुझ्या मानेवर कोरफड धरून बसली होती, आणि तू तिला विचारलंस, आई का आली नाही? तेव्हा तिने सांगितलं, रेडिओ मोठा होता गं. तो रेडिओ तिने लावला. मिसेस पेटवेलाही तिनेच आणून पोर्चवर बसवलं. पेटवे बाई त्या आठवड्यात सव्हानाला लेकीकडे होती.

जॅनेल: मावशी?

लुवेनिया: तू आठ वर्षांची होतीस, बाळा. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. घरात आले तेव्हा रेडिओची वायर गुंडाळून कपाटावर ठेवलेली दिसली मला. मी काही विचारलं नाही तिला.

अर्नेस्टीन: कधीच विचारलं नाही. त्याचाही राग यायचा मला. एवढी चांगली कशाला वागतेस म्हणून.

जॅनेल: मग तू कुठे होतीस, आई?

अर्नेस्टीन: पोर्चवरच. एकटी. जाळीच्या दारापलीकडे, झोपाळ्यावर.

जॅनेल: झोप लागली होती?

अर्नेस्टीन: नाही.

जॅनेल: मग?

अर्नेस्टीन: दुसऱ्या दिवशी तुमच्या शाळेत फोटो होते. सकाळपासून तुझं एकच चाललेलं, मावशीकडे जाऊ, मावशीकडे दुखत नाही, मावशी गोष्ट सांगते. मी म्हटलं, आज मी करणार. केस असे सरळ करीन की फोटोत चमकतील आणि मावशी विचारेल, कुणी केले? क्रीम लावली, तुला खुर्चीवर बसवलं, हलू नकोस म्हटलं. तू फुरंगटून बसलीस. माझ्याकडे बघेनास. म्हणून बाहेर गेले.

लुवेनिया: अर्नेस्टीन, आज नको. परवा लग्न आहे तिचं.

अर्नेस्टीन: म्हणूनच आज. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला माझी दया येतेय, लुवेनिया. ती घेऊन मी चर्चमध्ये पुढच्या रांगेत कशी बसू?

जॅनेल: मी ओरडले होते. ते मला आठवतं. ते मला कुणी सांगितलेलं नाही. भाजतंय, भाजतंय म्हणून ओरडले.

अर्नेस्टीन: हो. तीनदा.

जॅनेल: तुला ऐकू आलं?

अर्नेस्टीन: आलं. पहिल्यांदाच आलं.

जॅनेल: मग आली का नाहीस?

अर्नेस्टीन: आई म्हणून ओरडली असतीस तर जाळी फाडून आत आले असते, बाळा. तू मावशीला हाका मारत होतीस.